डावीकडचं गाईड

मशीन राजकोटहून आलं तेव्हा
अंगावर हिरवा रंग होता आणि एक पितळी पट्टी:
रंधा, करवत, ड्रिल, खाच.
चार कामं, एक मोटर, दोन हॉर्सपॉवर.
उजवा हात गृहीत धरलेला,
हे पट्टीवर नव्हतं.

खानापुरात, नंदगडच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड.
कोणी येतं ते सुतार म्हणून हाक मारतं, कोणी बडिगेर म्हणून,
चौकटीचं माप दोघंही फुटातच सांगतात.
बाबा, म्हणजे भरमाणी मेस्त्री, म्हणायचे,
कंपनीनं विचार करूनच बनवलं असणार की.
त्यांच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर, एक आडवा वण आहे.
सागाची फळी करवतीवरून मागं उडाली होती.
कंपनीचा विचार
तिथवर पोचला नव्हता.

मी डावखुरी.
फळी ढकलताना माझं कोपर पात्यावरून जायचं.
आई चुलीपाशी बसून फक्त आवाज ऐकायची,
आवाज मध्येच जड झाला
की तिची एक भाकरी करपायची.

शनिवारी लाईट नव्हती.
मी टेबलावर डाव्या अंगाला खडूनं दोन खुणा केल्या.
दुपारी लाईट आली, आणि शिवलिंग कम्मार आला
हँडड्रिल खांद्याला अडकवून.
खुणा बघून म्हणाला,
"नोडु, बिडाला पाडलेलं भोक परत बुजत नाही."
मला माहीत होतं.
तेल नको म्हणाला, बीड कोरडंच कापतं,
आणि शिसपेन्सिलीसारखी काळी भुकटी
त्याच्या पायांवर, माझ्या पायांवर पडत राहिली.
बाबा बाहेर जाऊन तंबाखू मळत बसले,
घरातल्या म्हशीला कोणी इंजेक्शन देत असल्यासारखे.

आटे पाडले. उजवीकडचं गाईड सोडवलं,
डावीकडे आणलं.
एवढंच. दोन बोल्ट.
त्याच्या लोखंडी अंगाला फणसाची पट्टी जोडली, स्क्रू मागून,
पातं चुकून घासलंच तर लाकडाला घासावं.

पाचर मात्र दोनदा करावी लागली.
जुन्या करवतीच्या पात्यातून कापली, पात्यामागं उभी केली,
चिरलेली फळी पुन्हा मिटू नये, पात्याला चावू नये म्हणून.
पहिली जाड झाली, फळी अर्ध्यात अडकून बसली.
बाबा आतून काही बोलले नाहीत,
फक्त खोकले.

मग स्विच.
तो होता पलीकडं, दोन्ही हात गुंतले की लांबच.
मी गुडघ्याच्या उंचीवर एक फळकूट बिजागरीनं टांगलं,
ढकललं की लाल बटण दबेल असं.
पहिल्या दिवशी मशीन आपोआपच बंद पडायला लागलं,
मोटरच्या थरथरीनं फळकूट डोलायचं, बटणाला टेकायचं.
तीन चौकटींचं काम होतं, जांबोटीचं गिऱ्हाईक दारात बसलेलं.
"पोरीनं मशीन बिघडवलं काय हो मेस्त्री?"
बाबा म्हणाले, "नवीन आहे ते."
मशीन आठ वर्षांचं होतं.

सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा, एक स्प्रिंग
तराजूतला जुना. थांबलं डोलणं.

आता पट्टीवरची अक्षरं भुशानं बुजलीत,
भुसा पाईपातून तेलाच्या पिंपात जातो,
आणि थोडा, म्हणजे बराच, अजून माझ्या केसांत.

काल संध्याकाळी मी खिळे आणायला गेले होते.
परत आले तर शेडमध्ये करवतीचा आवाज.
बाबा उभे, डाव्या बाजूला, अवघडून,
उजव्या हातानं एक वाळकी पट्टी ढकलत.
पट्टी संपली.
त्यांनी गुडघा पुढं केला. मशीन थांबलं.
पुन्हा सुरू केलं, काहीही न कापता,
पुन्हा गुडघा.
मला बघितलं.
म्हणाले, "स्प्रिंग स्वल्प ढिला आहे,"
आणि पान्हा शोधायला लागले.